धोतरावर काय शोभतं?

जन्मभर शाळेत इतिहास शिकवल्याचा एक तोटा असतो. नातेवाइकांना वाटतं, जगात जुनं म्हणून जे काही आहे ते सगळं या माणसाला ठाऊक असणारच. कुणी घराण्याचा मूळ पुरुष विचारतो, कुणी माळ्यावर सापडलेल्या पितळी डब्याचं वय विचारतो. मी दोन्ही ठोकून देतो. कारण मूळ पुरुष तक्रार करायला येत नाही आणि डब्याला वाचा नसते. पण माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी मला एक प्रश्न विचारला आणि एकतीस वर्षांची मास्तरकी पणाला लागली.

भाचा ग्लासगोला असतो. एके रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते आणि आमच्याकडे मध्यरात्र, हे त्याला तिथं जाऊन चार वर्षं झाली तरी समजलेलं नाही.

"मामा, फोटो पाह्यला का?"

पाहिला. माझ्याआधी हिनं पाहिला आणि ओरडली, "अगं बाई! यानं शाळेतल्या पोरीचा घागरा कायले घातला?"

तो घागरा नव्हता, किल्ट होता. भाच्याच्या एका स्कॉटिश मित्राचं लग्न होतं आणि वऱ्हाडी मंडळींनी किल्ट घालून यावं असा आग्रह होता. किल्ट भाड्यानं मिळतो. पण नुसता किल्ट घालून भागत नाही म्हणे. पुढं कमरेला लोंबणारी कातडी पिशवी हवी, तिला स्पोरन म्हणतात. रुंद पट्टा हवा. गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे, ते घसरू नयेत म्हणून रंगीत फिती आणि उजव्या मोज्यात खोचायला एक छोटा सुरा, त्याचं नाव स्कीयन डू. लांब नाड्यांचे जोडे. शिवाय किल्टच्या पदराला एक मोठी पिन, आणि तीसुद्धा फक्त वरच्या पदराला टोचायची, खालच्या पदराला टोचली की माणूस अडाणी ठरतो. किल्टच्या आत काय घालतात, हे मी मामा असल्यामुळे विचारू शकलो नाही. हिनं मामी असूनही विचारलं. त्यावर फोन बराच वेळ शांत होता.

मग मुद्द्याचं निघालं. "मामा, वैशाखात माझं लग्न हाय. मी धोतर नेसणार. त्याच्यावर काय काय लागते, ते लिहून पाठवा न."

मी म्हटलं, पाठवतो. त्यात काय आहे? आणि वही घेऊन बसलो. 'धोतर' असं लिहून खाली रेघ मारली आणि रेघेखाली काही सुचेना.

किल्टचंही मूळ पाहिलं तर प्रकरण आपल्यासारखंच आहे. जुने डोंगराळ मुलखातले स्कॉट लोक शिवलेला किल्ट घालत नव्हतेच. त्यांच्याकडे एक लांबच लांब लोकरीचं पान असायचं. ते जमिनीवर पसरायचं, चुण्या घालायच्या, कमरेला पट्ट्यानं आवळायचं आणि उरलेला भाग खांद्यावर टाकायचा. रात्री तेच पांघरून झोपायचं. म्हणजे धोतर, उपरणं आणि घोंगडी एकातच. पुढं अठराव्या शतकात त्याचा वरचा भाग कापून फक्त खालचा चुण्यांचा तुकडा शिवून ठेवण्याची युक्ती निघाली. ती एका इंग्रज लोखंड-कारखानदारानं काढली असं एक मत आहे. स्कॉटिश माणसांसमोर मात्र ते मांडू नये.

पुढं बंड झालं, मोडलं, आणि १७४६ च्या कायद्यानं सरकारनं हा पोशाखच बंद केला. बंदी उठली १७८२ साली. तोवर गोरगरीब लोकांची किल्टची सवय सुटली होती. मग तो हौशी श्रीमंतांनी उचलला. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी त्याच्या स्वागताचा सगळा थाट मांडला आणि लठ्ठ राजेसाहेब किल्ट घालून, पायांत गुलाबी तंग मोजे चढवून लोकांपुढं उभे राहिले. डोंगरातल्या गुराख्याचा कपडा राजाच्या अंगावर चढला, आणि त्याच्यासोबत काय शोभतं याचे नियम तिथून पुढं वाढत गेले.

हे वाचल्यावर माझं पेन का अडलं ते मला कळलं. आमच्या आजोबांना कुणी विचारलं असतं, की धोतरावर काय शोभतं, तर त्यांनी त्या माणसाला आधी पाणी दिलं असतं आणि मग उन्हातून आला आहेस, जरा टेक म्हटलं असतं. जो कपडा रोजचा आहे त्याच्यावर काय शोभतं हा प्रश्न पडत नाही. काय लागतं एवढंच माणूस पाहतो.

आणि धोतराला काय लागतं, हे ठरतं ते एका उणिवेवरून. धोतराला खिसा नाही. स्कॉटलंडच्या माणसानं त्यावर उपाय म्हणून स्पोरन काढला. आमच्याकडे उपाय जास्त झाले. सर्वांत जुना उपाय म्हणजे कनवट. कमरेशी धोतराला पीळ देऊन त्यात पैसे खोचायचे. ही जगातली सर्वांत सुरक्षित तिजोरी. कारण ती उघडली की अब्रूही जाते, त्यामुळे माणूस ती फार विचार करून उघडतो. आमच्या आजोबांच्या काटकसरीचं रहस्य मला वाटतं हेच होतं.

दुसरी वस्तू करगोटा. पुण्याकडे करदोडा म्हणतात. धोतर सुटलंच तर कासोटा अडकावा असा भरवशाचा गडी. गरिबाचा काळ्या दोऱ्याचा, खाऊन-पिऊन सुखी माणसाचा चांदीचा. आणि चांदी म्हटली की आमच्या जिल्ह्यात खामगाव. खामगावला आजही लोक रजतनगरी म्हणतात. कापूस विकून आलेल्या शेतकऱ्याच्या हातात पैसा आला की त्याचा थोडा भाग चांदी होऊन घरी जायचा. बायकोच्या पायांत वाळे, पोराच्या हातात कडं आणि स्वतःच्या कमरेला करगोटा. पुढच्या वर्षी पाऊस नाही पडला, की त्याच क्रमानं, पण उलट्या दिशेनं, ती चांदी पुन्हा बाजारात यायची. सगळ्यात आधी करगोटा मोडायचा, आणि कमरेला पुन्हा काळा दोरा यायचा.

मग चंची. पान, सुपारी, कात, चुना, तंबाखू, प्रत्येकाला वेगळा कप्पा असलेली कापडी गुंडाळी. अंगात बंडी, तिला आतल्या बाजूनं एक चोरखिसा. खांद्यावर दुपट्टा. आमच्याकडे दुपट्टा हा पुरुषाचा असतो, हे मुंबईच्या सुनांना सांगावं लागतं. घाम पुसणं, भाजी बांधणं, मळ्यात डोक्याखाली घेणं आणि लग्नकार्यात नीट घडी करून खांद्यावर टाकला की भारदस्त दिसणं, ही सगळी कामं एकटा दुपट्टा करायचा. डोक्यावर पागोटं, पायांत करकरणारा जोडा आणि हातात काठी. झाले आजोबा तयार. यातली एकही वस्तू त्यांनी शोभेसाठी निवडलेली नव्हती, आणि शोभा मात्र अशी, की ते पारावर आले की बसलेली माणसं सरकून जागा करायची.

आता खुद्द धोतराचं सांगतो. कारण भाच्याचं आजोळ मेहकर, आणि मेहकरच्या माणसानं धोतराबद्दल परक्यासारखं विचारावं याचंच मला वाईट वाटलं होतं. एके काळी मेहकरची धोतरं नावाजलेली होती. इंग्रजांच्या एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरात त्यांची नोंद आहे. हिंदू विणकर होते, मोमीन विणकर होते. त्याच्याही पूर्वी, पंधराव्या शतकात, इथले मोमीन इतके सधन होते, की गावाचा कोट त्यांनी बांधल्याचा शिलालेख वेशीवर आहे. विचार करा, हातमागावर धोतरं विणून गावाला तटबंदी! पुढं पेंढाऱ्यांनी लुटलं, १८०३ च्या दुष्काळानं कंबर मोडली. तरीही माग चालू होते. ते थांबले यंत्रापुढं.

इकडे अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मलकापूर, नांदुरा, शेगाव करत आगगाडी गेलीच होती. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबपासून आठ मैलांचा खास फाटा टाकला आणि १८७० साली त्याच्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं आले. आमच्या शिवारातलं बोंड या गाडीत बसून मँचेस्टरला जायचं आणि धोतर होऊन परत यायचं. तिकडची हवा खाऊन आलेलं ते धोतर मेहकरच्या धोतरापेक्षा स्वस्त पडायचं. परदेशी जाऊन आलेल्या माणसाचा भाव वाढतो आणि कापडाचा उतरतो, हा अर्थशास्त्रातला नियम मला अजून समजलेला नाही. पुढं जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल काढली, ती १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, आणि देशी गिरणीची धोतरजोडी आली. पण तीही गिरणीचीच. मेहकरचा माग मध्ये कुठं तरी बंद पडला तो पडलाच.

म्हणजे धोतर देशातलं की विलायतेतलं, मागावरचं की गिरणीतलं, हे बदलत गेलं तरी नेसणं तेच राहिलं. निऱ्या तशाच, कासोटा तसाच. माणसाला जे काही नवं म्हणायचं असेल ते तो धोतराच्या वर म्हणायचा.

जोतीराव फुल्यांचंच बघा. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी मोठी मेजवानी झाली. जमलेली मंडळी शालजोड्या आणि दागिन्यांनी मढलेली. तिथं जोतीराव गेले ते कुणब्याच्या वेशात. फाटकं पागोटं, खांद्यावर घोंगडी. आणि राणीच्या मुलाला त्यांनी सांगितलं, की इथं दिसतात ती माणसं म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा पाहायची तर खेड्यांत चला. भाषण पाच मिनिटांत लोक विसरले असते. ती घोंगडी अजून कुणी विसरलेलं नाही.

१९२०-२१ च्या सुमारास पांढऱ्या खादीची टोपी आली. एवढीशी, घडी घालून बंडीत मावणारी. पण ती घालून कचेरीत आलेल्या कारकुनाची नोकरी धोक्यात यायची. टोपी ज्यांच्या नावानं ओळखली गेली त्या गांधीजींनी मात्र २२ सप्टेंबर १९२१ ला मदुरेला टोपी, सदरा, सगळंच उतरवलं आणि आखूड पंचा तेवढा ठेवला. त्याच्यासोबत एकच वस्तू राहिली, ती कमरेला लटकवलेलं घड्याळ. खिसा नसलेल्या वस्त्राला घड्याळ कुठं ठेवायचं, हा प्रश्न त्यांनाही पडला आणि त्यांनी तो आजोबांसारखाच कमरेला सोडवला. आणि आमच्या वऱ्हाडातले गाडगेबाबा? अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटकं गाडगं, एका कानात कवडी, एका कानात बांगडीची काच आणि हातात खराटा. अंगावरच्या कपड्यासोबत काय धरावं याचं याहून चांगलं उत्तर आजवर कुणाला सापडलेलं मला माहीत नाही. तो खराटा मिरवायला नव्हता. आधी गाव झाडायचा आणि मग कीर्तन.

आमचे बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्यांच्या पिढीनं धोतरावर कोट चढवला. विद्वान लोक याला पाश्चात्त्य संस्कृतीचा प्रभाव म्हणतात. माझं आपलं साधं मत असं, की कोटाला खिसे होते. इतक्या शतकांत धोतराला पहिल्यांदाच खिसे मिळाले, तेही पाच! बाबांच्या कोटात शाईचं पेन, दोन खडू, तपकिरीची डबी, बसचं जुनं तिकीट आणि एखादा जप्त केलेला भोवरा असायचा. डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री. समारंभाला बूट आणि मोजे, मोज्यांना गार्टर. ग्लासगोच्या त्या रंगीत फितींचेच हे चुलतभाऊ.

बाबांची सायकल होती. सायकलची साखळी आणि धोतराचा सोगा यांचं वैर पुराणात सापडणार नाही, पण मुंगूस-सापाइतकंच खरं आहे. म्हणून बाबा सोग्याचं टोक उचलून कोटाच्या डाव्या खिशात खोचायचे. पायी चालताना तेच टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरायचे. चिखल असो, जिना असो, बसची पायरी असो, डावा हात आपोआप खाली जायचा आणि सोगा वर यायचा. दहा माणसांत पाठमोरे असले तरी त्या हातावरून मी त्यांना ओळखायचो.

माझं लग्न १९७८ सालचं. टेरीकॉटचा जमाना. मी सूट शिवला होता आणि सूट शिवलेल्या माणसाला जे जे होतं ते मला झालं होतं. सासरची मंडळी नागपूरची, सासरे पँट घालणारे. मी बाबांना म्हटलं, "बाबा, निदान फोटोपुरती तरी पँट घाला."

बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "काहून? धोतर फोटोत येत नाही का?" एवढंच विचारलं. पण लग्न माझं होतं. त्यांनी धाकट्या काकांची पँट घातली. ती त्यांना कमरेत सैल होती. फोटो झाला, दहा मिनिटांत त्यांनी पुन्हा धोतर नेसलं आणि तो विषय आम्ही दोघांनीही पुन्हा कधी काढला नाही.

भाच्यासाठी यादी करताना मी तो आल्बम काढला. बाबांचा पँटमधला तो एकच फोटो. कोट आहे, टोपी आहे, चेहरा पोलीस ठाण्यात बसवल्यासारखा आहे. आणि डावा हात मांडीशी, अंगठा आणि दोन बोटं जुळवून, नसलेला सोगा धरून ठेवलेला. सेहेचाळीस वर्षांत तो फोटो मी शंभर वेळा पाहिला असेन. हात पहिल्यांदाच दिसला.

वैशाखात भाचा आला. आम्ही खरेदीला खामगावला गेलो. दुकानदारानं धोतर दाखवलं ते शिवलेलं. निऱ्या आयत्या, कासोटा आयता, कमरेला इलॅस्टिक. "साहेब, आता कोणाले नेसता येते?" हे त्याचं म्हणणं मला खोडता येईना, कारण मलाही येत नव्हतं. त्यानं शेला दाखवला, मोत्यांची माळ, मोजड्या, फेट्यावरचा तुरा आणि कमरेला खोचायला एक खोटी कट्यार दाखवली. भाचा म्हणाला, "मामा, महाराजांसारखी!" सिंदखेडराजाच्या शेजारच्या मास्तरला हे ऐकून गप्प बसणं शक्य नव्हतं. मी सांगितलं, की महाराजांची त्या काळी काढलेली चित्रं पाहा, त्यात पायघोळ जामा आहे, खाली तंग विजार आहे आणि कमरेला पटका आहे. कट्यार त्या पटक्यात खोचायची असते, इलॅस्टिकमध्ये नाही. दुकानदारानं कट्यार परत ठेवली आणि माझ्याकडे गिऱ्हाईक बिघडवणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

मग त्यानं हुकमाचं पान काढलं. "आणि ह्याले खिसा हाय! मोबाइल बसते."

संपलं! इतक्या शतकांची उणीव एका शिंप्यानं भरून काढली. कनवट, चंची, चोरखिसा, कोट, सगळ्यांना एकदम निवृत्त केलं. भाच्यानं ते धोतर घेतलं. मी काही बोललो नाही. स्कॉटलंडातही शिवून ठेवल्यामुळेच किल्ट टिकला, हे मला ठाऊक होतं.

पण घरी आल्यावर मी ट्रंक उघडली. बाबांच्या शेवटच्या धोतरजोडीतलं एक पान डांबराच्या गोळ्यांत पडून होतं. आमच्या गल्लीत एक म्हातारे वारकरी आहेत. शेगावची पालखी, पांढरा पोशाख, तुळशीची माळ, त्यांच्याकडे धोतर अजून कपडा आहे. त्यांच्याकडे गेलो. चार दिवस रोज संध्याकाळी शिकलो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमचे वडील तर काय सुरेख नेसत! त्याइच्याजवळ नाही शिकले?"

मी म्हटलं, "राहून गेलं."

भाच्याला यादी मी शेवटी दिलीच नाही. लग्नात तो झकास दिसला आणि त्याच्या खिशात मोबाइल तीनदा वाजला, एकदा तर ऐन मंगलाष्टकांत. नवरदेवाचा मामा म्हणून मी त्याच्या मागं उभा होतो. बाबांचं धोतर, त्यांचाच कोट, खिशात त्यांचं बंद पडलेलं पेन. आतून, खरं सांगतो, एक सेफ्टी पिनही होती. ती मी फक्त वरच्या पदराला टोचली होती की खालच्याही, हे मी सांगणार नाही.

अक्षता पडल्या, सगळे फोटोला उभे राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "काका, तो डावा हात सरळ सोडा."

मी म्हटलं, "राहू दे बाप्पा, असाच काढ."